कोण कुणासाठी थांबलंय

काकू गेल्या, पण त्यांचा कॉम्प्युटर तेव्हापासून एकदाही बंद झाला नव्हता.

घरातल्या बाकीच्या वस्तू हळूहळू गप्प झाल्या. भरतकामाच्या मशीनवर जुनी चादर पडली. चष्मा खणात गेला. दोन कपांऐवजी एकच कप विसळला जाऊ लागला. खिडकीजवळच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र घूं घूं करत जागाच होता. काका सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघत आणि मग चहा टाकत.

आख्खी इमारत त्यांना पंपवाले काका म्हणायची, कारण त्यांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला होता. त्यांचं काम तसं एकच होतं, काट्यांवर नजर ठेवायची. एक काटा दाबाचा, एक विजेचा, एक टाकीतल्या पातळीचा. काकू चारचौघांत सांगायच्या, "लग्न माझ्याशी केलं, पण बघत राहिले ते काट्यांकडे." काका त्यावर नुसते मिशीत हसायचे. निवृत्तीनंतर बघायला काटे उरले नाहीत, तेव्हा ते काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. काकू कॉम्प्युटरवर भरतकामाच्या नक्ष्या काढायच्या. गणवेशांच्या खिशावरची चिन्हं, टोप्यांवरची नावं, दुकानदारांचे एप्रन, असली कामं असायची. पडद्यावर टाका टाका जुळत जायचा आणि शेवटी मशीन तो कापडावर उतरवायचं.

आता पडद्यावर काकूंची शेवटची नक्षी होती. होती म्हणजे नावापुरती. प्रोग्राम अडकला होता. पडद्यावरच्या सगळ्या खिडकीवर कुणी काचेवर तोंडाची वाफ सोडावी तसं पांढुरकं आलं होतं आणि वर प्रोग्रामच्या नावापुढे लिहिलं होतं, प्रतिसाद देत नाही. हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टरांनीही नेमके हेच शब्द वापरले होते, त्यामुळे काका तिकडे बघायचं टाळत. ते खालचं पान बघत.

पान एकच होतं. काकू बारीक टाके तपासायला नक्षी खूप मोठी करून बघायच्या, तशीच ती राहून गेली होती. त्यामुळे पडदाभर एकच हिरवं, कातरलेल्या कडांचं पान, तेही धुक्यातून बघितल्यासारखं. बाकीची नक्षी पडद्याच्या बाहेर. काकांनी त्या पानावर किती विचार केला होता. गॅलरीतल्या वेलीचं असेल का? पण वेलीचं पान गोल. काकू एकदा म्हणाल्या होत्या, तुमच्या एका शर्टाच्या खिशावर काहीतरी छान काढून देते, म्हणजे हरवलात तर कुणीतरी परत आणून देईल. ते तर नसेल? हा विचार काका फार वेळ मनात ठेवत नसत. पण तो जातही नसे.

आणि ती नक्षी कुठेही जतन केलेली नव्हती, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. कारण काकूंची ती सवयच. काम पुरं झाल्याशिवाय त्या फाइल जतन करायच्या नाहीत. अर्ध्या कामाला नाव कसलं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. वीज गेली की सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात. यावरून मुलाने किती वेळा कपाळाला हात लावला असेल. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच करायच्या.

म्हणून काका कॉम्प्युटर बंद करत नव्हते, आणि नशिबाने तेव्हापासून वीजही गेली नव्हती. माऊसला हात लावायचा तोही पाहुण्यासारखा. पडदा पुसायचा तर चष्म्याच्या फडक्याने, आणि पानाच्या कडेकडेने. अधूनमधून एक चौकट वर यायची की कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागेल, नवीन सुधारणा आल्या आहेत. काका "नंतर" या बटणावर टिचकी मारायचे. घरी आलेल्या विक्रेत्याला दारातून परत पाठवावं, तसं ते जमून गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी जेवण करून हात पुसत ते टेबलाशी आले आणि बघतात तो चौकट आलेली, पण तिच्यात "नंतर" हे बटणच नव्हतं. आज संध्याकाळी आम्ही तुमचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करू, असं गोड शब्दांत लिहिलं होतं. खाली एकच बटण होतं, "ठीक आहे".

काका उभेच राहिले. ते बटण त्यांनी दाबलं नाही.

मग मुलाला फोन लावला. मुलगा दूरच्या शहरात, मोठ्या कंपनीत, आणि कायम मीटिंगमध्ये. त्याने दबक्या आवाजात सांगितलं, बाबा, बंद करून चालू करा, सगळं ठीक होईल. मुलाकडे कुठल्याही दुखण्यावर हाच काढा होता. काका बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पान, धुकं, जतन न केलेली नक्षी, यातलं एक अक्षरही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मुलाच्या आईबद्दल मुलाशी बोलताना त्यांची जीभ जड व्हायची, आणि मुलाचीही होत असावी.

राहता राहिली सून. ती एका ऑफिसात लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सोडवून देण्याचं काम करायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर घरीच होती. काकांचं तिच्याशी बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवलात का, आणि नात झाल्यापासून, चिमी काय म्हणते. त्यापलीकडे दोघांनीही कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज काकांनी टाकलं. आधी चिमीची चौकशी केली, मग घसा खाकरला आणि म्हणाले, तुला वेळ असेल तर.

सून म्हणाली, वेळच वेळ आहे. दिवसभर गप्पा मारायला एकच बाई, तिला अजून दात आलेले नाहीत आणि आत्ता ती झोपली आहे. उठायच्या आत काय ते सांगा, बाबा.

काकांनी सांगितलं. आधी अडखळत, मग भराभरा. शेवटी नक्षी जतन केलेली नाही हेही सांगितलं.

"तुम्ही एवढे दिवस कुणालाच बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"कुणाला बोलणार? तो म्हणाला असता, बंद करून चालू करा."

सून हसली नाही. तिने कॅमेरा सुरू करायला सांगितलं. काकांनी केला, पण फोन असा धरला की सुनेला आधी छत दिसलं, मग काकांचा कान दिसला आणि बराच वेळ सदऱ्याचं बटण दिसत राहिलं. शेवटी फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवला तेव्हा पडदा दिसला. ती त्या धुरकट पानाकडे बघत राहिली. मग आवाज साधा ठेवून तिने तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. काकांनी दोन्ही हात वापरून ती दाबली आणि धुक्यावर एक नवी खिडकी उघडली.

हा टास्क मॅनेजर, ती म्हणाली. कॉम्प्युटरच्या पोटात आत्ता कोण कोण काम करतंय, कोण किती खातंय, ते इथे दिसतं. वेगळं काही आणावं लागत नाही, तो कॉम्प्युटरमध्ये असतोच.

काका पुढे वाकले. डाव्या बाजूला नावं, उजवीकडे आकडे. प्रोसेसर किती टक्के, मेमरी किती, डिस्क किती. वरचा एक टॅब दाबला तर आलेख आला आणि त्यातली रेघ डोळ्यांसमोर वरखाली होऊ लागली. काकांच्या अंगात काहीतरी जुनं जागं झालं. हे तर काटेच होते. इतके दिवस हे सगळं इथेच होतं, तीन बटणांच्या पलीकडे, आणि त्यांना पत्ता नव्हता. प्रोसेसरची रेघ छताला टेकलेली बघून ते जरा सुखावलेच. कॉम्प्युटरचा पंखा का ओरडतो ते कळलं. प्रोग्राम अडकला तरी आत धडपडतो आहे, असंच त्यांना इतके दिवस वाटत आलं होतं. रात्री जाग आली की तो आवाज ऐकून ते पुन्हा डोळे मिटायचे.

सुनेने सगळ्यात जास्त खाणाऱ्याचं नाव वर आणायला सांगितलं. आलं. ते भरतकामाच्या प्रोग्रामचं नव्हतं.

"बाबा, हे हवामानाचं पान आहे. मागे ब्राउझरमध्ये उघडं आहे. कायम उघडं असतं का?"

"असतं जरा."

"कुठलं हवामान?"

काकांनी बिस्किटांचा डबा उगाच सरळ केला. "तुमच्या गावचं."

सून हळूच म्हणाली की त्या पानावर हलत्या जाहिराती असतात, सगळा जोर त्याच खातात. एवढ्यापुरतं बंद करू. काकांनी बंद केलं. छताला टेकलेली रेघ भसकन खाली आली आणि थोड्या वेळाने पंख्याचा आवाजही उतरला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

मग यादीत काकूंचा प्रोग्राम सापडला. त्याच्या नावापुढे प्रोसेसरच्या खाली आकडा होता शून्य.

काका खुर्चीत बसले. पंपघरात विजेचा काटा शून्यावर आला म्हणजे मोटर गेली. तिथे वाद नसतो. म्हणजे रात्री ते ऐकत होते तो आवाज जाहिरातींचा होता. काकूंच्या प्रोग्रामने केव्हाच मान टाकली होती.

"राहू दे मग," ते म्हणाले. "होऊ दे संध्याकाळी काय व्हायचं ते."

"अहो बाबा, शून्य आहे हे चांगलं आहे. वेड्यासारखा गोल गोल फिरत असता तर रेघ वर असती, आणि मग मीच म्हटलं असतं की आशा सोडा. गेला असता तर यादीत नावच नसतं. हा कशाची तरी वाट बघत बसलाय."

"कशाची?"

"तेच विचारू या त्याला."

तिने दुसऱ्या पानावर जायला सांगितलं, तिथे तोच प्रोग्राम शोधून माऊसचं उजवं बटण दाबायला सांगितलं. एक लांबलचक यादी उघडली. तिच्यात "काम संपवा" हेही होतं. बाण त्याच्यावरून जाताना काकांनी माऊसवरचं बोट वर उचलून धरलं. त्याच्या खाली, नको नको, आणखी खाली, असं सून सांगत गेली आणि ते एका ओळीवर पोहोचले. कोण कुणासाठी थांबलंय ते तिथे कळतं, सून म्हणाली. कामाची वाट बघणाऱ्यांची साखळी. ऑफिसात मी हे कितीदा उघडते, लोक उगीच मारून टाकतात बिचाऱ्या प्रोग्रामांना.

लहानशी चौकट उघडली. वर भरतकामाचा प्रोग्राम. त्याच्याखाली, फांदीला लटकल्यासारखं, आणखी एक नाव.

सुनेने फोन जवळ न्यायला सांगितलं. तिने ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे छपाईचं आहे. बाबा, कागदावर कसं दिसतं ते बघायला आईंनी प्रिंट दिली असणार. प्रिंटर उत्तर देत नाहीये म्हणून सगळं तिथेच थांबलंय. प्रिंटर चालू आहे ना?"

काकांनी टेबलाखाली बघितलं. भिंतीवरच्या पट्टीत तीन खाचा होत्या. एकीत कॉम्प्युटर, एकीत दिवा. तिसरीत खोली गरम करायच्या हीटरची पिन होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि हीटरची पिन अजून तशीच होती.

त्या संध्याकाळी काकूंना हुडहुडी भरली होती. खांद्यावर शाल घेऊन त्या कामाला बसल्या होत्या, दात वाजत होते आणि तरी, एवढं झालं की उठते, असं चाललं होतं. काकांनी माळ्यावरून हीटर काढला, टेबलाखाली वाकून हाताला लागली ती पिन उपसली आणि हीटरची घातली. वर काकू म्हणाल्या, अगंबाई, हे काय झालं याला? मग म्हणाल्या, जाऊ दे, पडते जरा, नंतर बघते. रात्रीच त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. पुढे माणसं भेटायला येऊ लागली, तेव्हा जागा हवी म्हणून काकांनी प्रिंटर फडक्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवला.

"मीच काढली पिन," काका म्हणाले. "तिला थंडी वाजत होती."

सांत्वनाचे शब्द काकांना सोसवले नसते. सुनेने एवढंच विचारलं, की पलंगाखालून काढता येईल का, जड तर नाही ना.

काकांनी काढला. फडकं सोडलं, धूळ फुंकली, वायर कॉम्प्युटरला जोडली. मग टेबलाखाली वाकून हीटरची पिन धरली. ती घट्ट बसली होती, एका झटक्यात येईना. कदाचित काकांनीच झटका नीट दिला नसेल. मग आली. प्रिंटरची पिन घातली. प्रिंटरने खूप दिवसांनी उठलेल्या माणसासारखं कण्हून घेतलं आणि त्याचा हिरवा दिवा लागला.

काही झालं नाही. पडद्यावर धुकं तसंच. काका गुडघ्यांवर बसून वर बघत राहिले.

आणि मग धुकं गेलं.

आवाज नाही, काही नाही. पान एकदम हिरवंगार झालं. त्यावरचा एकेक टाका मोजता येईल इतका लख्ख. वरची ती अक्षरंही पुसली गेली. शेजारी प्रिंटर खरखरत कागद ओढू लागला, पण शाई केव्हाच सुकलेली. पांढऱ्या कागदावर चार फिकट पिवळे पट्टे उमटले आणि कागद बाहेर आला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर मात्र सगळं होतं.

"आधी जतन करा, बाबा. बाकी मागाहून," सून घाईने म्हणाली.

तिने सांगितलं तिथे काकांनी टिचकी मारली. नाव विचारणारी चौकट आली आणि तिच्यात बारीक उभी रेघ लुकलुकू लागली. काकांनी हात मागे घेतला. काय आहे तेच माहीत नाही, नाव काय द्यायचं, असं ते म्हणाले. सून म्हणाली, काहीही द्या, अ द्या, ब द्या, पुन्हा अडकलं तर मी काय करू. काका ऐकेनात. काकूंनी कधी न बघता नाव दिलं नव्हतं. सुनेने मुलासारखाच कपाळाला हात लावला असेल, पण म्हणाली, बरं. चौकट बाजूला करा आणि माऊसचं चाक हळूच फिरवा. नुसतं बघितल्याने काही पुसलं जात नाही.

काकांनी चाक फिरवलं. पान लहान झालं. शेजारी दुसरं पान आलं, तिसरं आलं, मग झुबका. झुबक्याखाली नारिंगी रंग दिसू लागला. काका श्वास रोखून चाक फिरवत होते. नारिंगी रंग खाली निमुळता होत गेला आणि त्याला दोन डोळे निघाले.

गाजर होतं ते.

गाजराला डोळ्यांखाली मिशी होती. जाड, टोकाला वर वळलेली. तिची डावी बाजू भरून झाली होती, उजवी नुसती रेघेने आखलेली. ती मिशी काकांनी लगेच ओळखली. रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याची होती, हुबेहूब. त्याच्या दुकानाचं नावही खाली अर्धं भरलेलं होतं.

काकांना हसू फुटलं. वेलीचं म्हणत होते, आपल्या शर्टाचं म्हणत होते, आणि निघालं काय तर मिशीवालं गाजर. ते हसत सुटले. फोनमधून सूनही हसू लागली, झोपलेल्या बाळाच्या धास्तीने तोंडावर हात धरून. भाजीवाला अजून साधाच एप्रन घालतो, हे काकांना आत्ता आठवलं. काकू गेल्यापासून तो पिशवी हातात देताना थोडा थांबायचा, काही विचारायचं असल्यासारखा. मग न विचारताच दोन लिंबं जास्तीची टाकायचा.

काकांनी "गाजर" असं टंकलं. काना सापडेपर्यंत वेळ गेला. मग जतन झालं.

"झालं, बाबा. आता काही झालं तरी हे कुठे जात नाही," सून म्हणाली. तेवढ्यात पलीकडे चिमीने सूर लावला. सून धांदलीत म्हणाली, उठली बघा, ठेवते हं, आणि दुसऱ्याच क्षणी फोनचा पडदा काळा झाला.

काकांच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं. त्यांनी मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. अगं, गाजर, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

ऊन उतरल्यावर त्यांनी स्वतःच प्रोग्राम बंद केला. तो मुकाट्याने बंद झाला, काहीही न विचारता. मग "ठीक आहे" हे बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि थोडा वेळ तर पंखाही थांबला. खोलीत इतकी शांतता काकांनी ऐकली नव्हती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, तेही स्वच्छ ऐकू आलं.

कॉम्प्युटर पुन्हा लागला तो अगदी कोरा, नवा असल्यासारखा. काकांनी दोन्ही हातांनी तीन बटणं दाबली. आता ती पाठ झाली होती. यादी आली, त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. काकूंचा प्रोग्राम तिच्यात नव्हता. रेघ तळाशी आडवी पडली होती. कुणी काही खात नव्हतं, कुणी कशासाठी थांबलेलं नव्हतं. पंपघरात असं कधी झालं की त्यांना बरं वाटायचं, आता चहा प्यायला हरकत नाही म्हणून. चहा त्यांनी केलाही. कप घेऊन पुन्हा टेबलाशी येऊन बसले आणि रेघ बघत राहिले.

उद्या भाजीवाल्याकडे जायचं होतं. उजवी मिशी कोण भरणार, हाही प्रश्न होता. सुनेला विचारलं तर ती म्हणेल, शिकवते, त्यात काय.

चहा निवला. काकांनी माऊस ओढला आणि मुलाच्या गावचं हवामान उघडलं. तिथे ढगाळ होतं, हलका वारा. कोपऱ्यात जाहिराती नाचू लागल्या. रेघ उचलली गेली, अर्ध्यावर आली, आणखी वर चढली. पंखा घुरघुरला आणि मग एकसुरी घूं घूं करू लागला.

काकांनी टास्क मॅनेजर मिटला. पान उघडंच ठेवलं आणि ते कप विसळायला उठले.